न वापरलेला हक्क

क्लोटिल्ड रशालला बँकेच्या ट्रस्ट विभागात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पण तिची एक खोड एव्हाना सगळ्यांना कळून चुकली होती. ही बाई प्रश्न विचारायला लागली की समोरच्याची कॉफी गार होते. याआधी ती डॅलसला एका पेन्शन फंडात रोखे सांभाळायची. रोखे म्हणजे शहाणी मुलं. व्याज किती देणार, परत कधी येणार, सगळं कपाळावर लिहिलेलं. मग लग्न मोडलं, डॅलसचं घर विकलं गेलं, आणि ती लुइझियानात, नदीकाठच्या आपल्या गावाकडे परतली. इथल्या बँकेनं तिला घेतलं आणि अशा मालमत्तेच्या फायली तिच्यापुढे ठेवल्या की जी दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि आहे की नाही याची हमी कुणीच देत नाही. खनिजहक्क. जमिनीच्या पोटातल्या तेलावर आणि वायूवर सांगायचे हक्क.

दुसरी एखादी वैतागली असती. क्लोटिल्डला चटक लागली. तिनं भिंतीवर परगण्याचा नकाशा लावला आणि दुपारचा डबा त्याच्यासमोर बसून खायला सुरुवात केली. एका शेताचा मालक वेगळा आणि त्याच शेताच्या पोटाचा मालक वेगळा, ही कल्पनाच तिला इतकी मजेशीर वाटली की रस्त्यानं जाताना गायी चरताना दिसल्या तरी तिच्या मनात यायचं, वर या, पण खाली कोण?

ऑक्टोबरच्या मध्याला तिच्या टेबलावर उलाली बाईंची फाइल आली. उलाली म्हणजे क्लोटिल्डची सख्खी आत्या, इथल्या फ्रेंच वळणाच्या क्रेओल घरांच्या रिवाजाप्रमाणे 'तांत उलाली'. नवरा गेल्यापासून आत्याचे व्यवहार बँकच बघायची. वर्षाचा आढावा द्यायचा होता. आत्याकडे होतं काय? एक घर, थोडं पेन्शन, आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या जमिनीखालचा खनिजहक्क. विकताना तो तिनं स्वतःकडे राखून ठेवला होता. क्लोटिल्डनं मन लावून त्याची किंमत काढली, पाच पानांचा तक्ता केला आणि साहेबांसमोर ठेवला.

साहेब म्हणजे मिस्टर प्रुडोम. थोराड अंगाचे, गळ्याला बो टाय, अर्धं आयुष्य या फायलींत गेलेलं. त्यांनी तक्ता वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? 'कायमचा'?"

"कायमचाच की. आत्यानं जमीन विकली, खालचा हक्क ठेवला. आता ती स्वतः विकेपर्यंत तो तिचाच. डॅलसला आम्ही असंच धरायचो."

"डॅलसला!" मिस्टर प्रुडोमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरी, येताना सबीन नदी ओलांडलीस ना? मग टेक्सासचं शहाणपण त्या काठावरच ठेवून यायचं होतंस. तिकडे हक्क अमर असतात. आपल्याकडे ते रिकामे बसले की मरतात."

"मरतात म्हणजे?"

"म्हणजे दहा वर्षांत त्या जमिनीत कुणी खरोखर तेलावायूसाठी विहीर खोदली नाही, तर हक्क संपला. खोदली आणि काही लागलं नाही तरी चालेल, पण खोदायला हवी. कायद्याचं म्हणणं असं, की वापरायचा नसेल तर अडवून ठेवू नका."

"आणि मग तो जातो कुठे?"

"जातो कुठे? जमीन ज्याची, त्याच्या पायाखाली. त्यानं काही करायचं नसतं. नुसतं बसून राहायचं."

क्लोटिल्ड खुर्ची पुढे ओढून बसली. मिस्टर प्रुडोमनी गुपचूप कॉफी संपवून घेतली, कारण त्यांनी ही चाल ओळखली होती.

"पण मग वायू मुळात कुणाचा? आत्ता, या क्षणाला, खाली आहे तो?"

"कुणाचाच नाही. आपला कायदा तसं मानतच नाही. वर आला, नळीत शिरला, की मग तो कुणाचा तरी. तुझ्या आत्याकडे वायू नाहीये. तिच्याकडे खाली जाऊन शोधण्याचा हक्क आहे."

"म्हणजे मी दोन महिने शोधण्याच्या परवानगीची किंमत काढतेय!" क्लोटिल्डला हसूच फुटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी गमतीची मालमत्ता तिनं पाहिली नव्हती. जिच्यात शोधण्याला किंमत आहे आणि आळसाला मृत्युदंड आहे, ती मालमत्ता तिला एकदम आपलीशी वाटली.

"हसून झालं असेल तर विक्रीखताची तारीख बघ," मिस्टर प्रुडोम म्हणाले.

तिनं बघितली. ऑल सेंट्सच्या सणानंतरचा दिवस, दोन नोव्हेंबर, दहा वर्षांपूर्वीचा. त्या सुमाराला सगळी घरं कबरींना सफेदी करायला गावात जमतात, म्हणून सह्याही तेव्हाच उरकून घेतलेल्या असणार. म्हणजे मुदत संपायला तीन आठवडेही उरले नव्हते. पलीकडच्या पाइनच्या रानात यंदा वायूसाठी दोन मोठे मनोरे उभे राहिले होते. आत्याच्या हक्काला दहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारणार होतं, आणि नेमका आत्ताच तो मरायला टेकला होता.

मग तिची नजर खाली गेली. विकणार, उलाली. घेणार, ओनेझिम रशाल.

ओनेझिम म्हणजे तिचे वडील. पापांनी आत्याची जमीन घेतली होती हे तिला ठाऊक होतंच, सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचा हा अर्थ होतो, एवढंच तिला माहीत नव्हतं. पापांनी नुसतं बसून राहायचं होतं.

"ही फाइल तुझ्याकडे यायलाच नको होती," मिस्टर प्रुडोम म्हणाले. "पण इथे जो तो कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतण्या, फायली द्यायच्या कुणाला? कागद मी माझ्या नावावर घेतो. आत्याला सांगायला मात्र तूच जा. माझ्यासारखा बो लावलेला माणूस दारात आला की त्यांना वाटतं कुणीतरी गेलं."

"काही उपाय नाही का?"

"एक आहे. जमिनीचा मालक लिहून देऊ शकतो, की हो, खालचा हक्क हिचा आहे, मी तो मानतो, मुदत नव्यानं मोजा. एक सही. पुन्हा दहा वर्षं. पण ती सही अशा माणसानं करायची, की ज्यानं न केली तर सगळं त्याचं होतं."

गाडीत बसल्यावर क्लोटिल्डच्या मनात आलं, पापांना आपण एकटीच. म्हणजे आत्याचं जे जाईल ते फिरून एक दिवस आपल्याकडेच येईल. हा विचार आला तशी तिनं गाडीची काच खाली केली, जणू आत काहीतरी जळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटूनही तक्त्यातला किमतीचा आकडा डोक्यातून जाईना, याची आणखी लाज वाटली.

आत्या स्वयंपाकघरात मीट पाय करत होती. पिठाच्या गोल चकत्या, आत तिखट खिमा, कडा बोटांनी दुमडलेल्या. ऑल सेंट्सला जमणाऱ्या सगळ्या गोतावळ्यासाठी आठवडे आधीपासून करून ती त्या गोठवून ठेवायची. छपरावर मागच्या वादळापासून निळी ताडपत्री होती, वारा आला की ती फडफडायची.

"ये. हात धू आणि कडा दुमडायला लाग."

"तांत, मी बँकेच्या कामाला आलेय."

"बँकेला हात नसतात का?"

क्लोटिल्डनं हात धुतले. दुमडता दुमडता तिनं सगळं सांगितलं. दहा वर्षं, न खोदलेली विहीर, दोन नोव्हेंबर. तिला वाटलं होतं आत्या घाबरेल, निदान थांबेल तरी. आत्या लाटतच राहिली.

"एवढं शिकलीस आणि हे तुला आत्ता कळलं?" आत्या म्हणाली. "ते कॅलेंडर मी काय नुसते संतांचे वार बघायला लावलंय? अगं, या गावात दहा वर्षांची मुदत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असते."

"तुला माहीत होतं? मग पापांना सांगितलं का नाहीस? एका सहीचं काम आहे!"

"तेच तर बघतेय."

"काय बघतेयस?"

"तो येतो का ते." आत्यानं लाटणं खाली ठेवलं. "मी विकली तेव्हा खालचं माझ्याकडे ठेवलं. सगळे ठेवतात, त्यात काही विशेष नाही. दहा वर्षं गाव त्याला चिडवतंय, ओनेझिम, तू भांड्याचं झाकण घेतलंस आणि कालवण बहिणीकडे राहिलं. तो हसतो. आता मला बघायचंय, तो मनात काय हसतो ते. कागद घेऊन आपण होऊन आला, तर माझा भाऊ. नाही आला, तर निदान मरायच्या आधी कळलं तरी."

"आणि तुझं छप्पर?" क्लोटिल्ड चिडलीच. "वायूची कंपनी पैसे मोजून तुझा हक्क लीजवर घेईल, त्यात छप्पर होईल, मागच्या पायऱ्या होतील, कर्ज नको, काही नको. हे सगळं तू भावाची परीक्षा घ्यायला पणाला लावतेस?"

"माझं आहे, मी लावीन. आणि तू त्याला एक शब्द बोलायचा नाहीस. तू सांगितल्यावर त्यानं आणलेला कागद मी चुलीत घालीन. शपथ घे."

"बँकेत असं चालत नाही, तांत. ही मालमत्ता आहे. ती वाचवायला मला पगार मिळतो."

"बँकेला लिहून देते हवं तर. उलाली बाई शुद्धीवर आहेत आणि त्यांनी नाही म्हटलंय. झालं? कडा नीट दाब, खिमा बाहेर येतोय."

तिनं खरंच लिहून दिलं, पिठाच्या हातांनी. क्लोटिल्डनं शपथ घेतली, पण शब्द जपून: 'मी पापांकडे सही मागणार नाही.' सही मागायची नाही, एवढीच शपथ होती. गप्प बसायची शपथ काही कुणी घेतली नव्हती, असं तिनं वाटेत स्वतःला समजावलं आणि गाडी वडिलांकडे वळवली.

ओनेझिम रशाल पंचाहत्तरीला आले होते आणि अजून दर महिन्याला क्लबाबरोबर घोड्यावरून रपेटीला जायचे. मागच्या ओसरीत बसून ते खोगिराला तेल लावत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून घोडा हेच त्यांचं बोलायचं माणूस.

"बहिणीनं पाठवलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग बँकेनं?"

"कुणीच नाही. मला एक प्रश्न पडलाय."

"तुला कधी नव्हता पडला? विचार."

"कंपनीचा माणूस येऊन गेला का तुमच्याकडे?"

"येतो अधूनमधून. बरा माणूस आहे, दारात पाय पुसतो. म्हणतो, मिस्टर ओनेझिम, दोघांपेक्षा एकाशी बोलणं सोपं. नोव्हेंबरात येतो म्हणाला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, थांब. मीही थांबलोय."

क्लोटिल्डला माहीत असलेले पापा रविवारी चर्चच्या पेटीत नोट घडी करून टाकायचे, कुणाला दिसू नये म्हणून. हे थांबलेले पापा कोण होते?

"कशासाठी थांबलाय, पापा?"

त्यांनी खोगीर उलटं केलं, खालची बाजू पुसली. "आता तुझे प्रश्न संपले," ते म्हणाले. "मी काय करायचं ते मी ठरवलंय. तुझी आत्या कधी कुणाकडे काही मागत नाही. मागणार पण नाही. जेवून जा, लाल बीन्स आहेत."

ती न जेवता निघाली. वडील दारात उभे राहून बघत होते आणि तिनं हातही हलवला नाही.

त्यानंतरच्या दिवसांत क्लोटिल्डनं मिळेल ते वाचलं. एका गावात म्हणे तीन भावांचा हक्क एका कोरड्या विहिरीनं वाचला होता. आणखी कुठे जमीनमालक मुदत संपायची वाट बघत झुरून गेला आणि कंपनी दुसरीकडेच निघून गेली. दर वेळी तिला वाटायचं, यात कुठेतरी पळवाट असेल. नव्हती. विहीर, नाहीतर सही. तिनं एका संध्याकाळी सहीचा कागद तयार केला, अर्ध्या पानाचा, आणि पर्समध्ये ठेवला. मागायचा नाही अशी शपथ होती. जवळ ठेवायचा नाही अशी नव्हती.

ऑल सेंट्सला कबरस्तानात चुन्याच्या बादल्या आणि पोरंटोरं यांची एकच गर्दी उडाली. प्रत्येक घर आपापल्या कबरी घासत होतं, सफेदी करत होतं, शेवंतीच्या कुंड्या मांडत होतं. रशालांच्या आजी-आजोबांच्या कबरीला एका बाजूनं उलाली भिडली होती, दुसऱ्या बाजूनं ओनेझिम. क्लोटिल्ड मधे बादली धरून उभी होती.

"चुना पातळ झालाय," उलाली म्हणाली.

"तुला दरवर्षी पातळच वाटतो."

"कारण तू दरवर्षी पातळच करतोस."

"मग दे इकडे, मी दोन हात मारतो."

"माझ्या बाजूला तू नको. तुझी बाजू बघ, ओघळ आलेत."

एवढंच. आणखी एक शब्द नाही. त्यांच्या हातांतले ब्रश कबरीच्या माथ्यावर येऊन जवळजवळ टेकले, आणि क्लोटिल्डला वाटलं, आता. आता पापा काहीतरी म्हणतील. पर्स तिच्या खांद्याला ओझ्यासारखी लागत होती. पापांनी ब्रश झटकला, टोपी घातली आणि शेजारच्यांच्या कुंड्या उचलायला निघून गेले. उलाली त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं भावाच्या बाजूचे ओघळ आपल्याच ब्रशानं पुसून टाकले.

अंधारायच्या सुमारास पाद्री पाणी शिंपडत गेले, कबरींवर मेणबत्त्या लागल्या. सगळ्यांनी मीट पाय खाल्ले. ओनेझिमनी तीन खाल्ले, बहिणीला 'छान झालेत' म्हटलं आणि घरी गेले. ते तीन आपण मोजले याचा क्लोटिल्डला राग आला, पण मोजल्याशिवाय राहवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिनं बँकेत कामाचं नाटक केलं. दारात कुणाचीही चाहूल लागली की मान वर. दुपारी तिनं वडिलांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. कोर्टाची दस्त नोंदवायची खिडकी बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मिस्टर प्रुडोम तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"रात्री बारापर्यंत कायद्यानं जिवंत आहे," ते हळू म्हणाले. "पण उद्या सकाळी तक्त्यात शून्य लिहायचं. मी लिहितो. तू नको लिहूस."

"मी लिहीन," क्लोटिल्ड म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि ते वायूसाठी नव्हतं. आपला बाप असा निघाला, हे तिला कुणीही न सांगता, फक्त एका तारखेवरून समजलं होतं. रोख्यांच्या दुनियेत तारखा इतक्या निर्दय नव्हत्या.

बुधवारी सकाळी आत्याला रीतसर कळवायला ती निघाली. आत्याच्या अंगणात वडिलांची गाडी उभी होती.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी चार माणसं होती. आत्या, ओठ घट्ट मिटलेली. वडील, चर्चचा कोट घालून. कोर्टाजवळ बसणारी नोटरी बाई, आणि तिच्याबरोबरची कारकून मुलगी. टेबलावर एक कागद होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

"बरं झालं आलीस," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक आणि धारदार झाला होता. "विचार तुझ्या बापाला, काल कुठे होता. काल मी रात्रभर जागी होते. देवासमोर मी याला चोर म्हटलं."

"म्हण की," ओनेझिम म्हणाले. "एक दिवस मी होतोच चोर."

"पापा, हे काय आहे?" क्लोटिल्डनं कागद उचलला. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मुदत मान्य करायचा कागद हा नव्हताच. हे दानपत्र होतं. ओनेझिम रशाल, आजच्या तारखेला जमीन आणि तिच्याखालचा सगळा हक्क यांचे एकटे मालक, खालचा सगळा हक्क आपली बहीण उलाली हिला देत होते. मोबदला काही नाही.

"हेच काल करता आलं असतं," ती म्हणाली. "नुसती एक सही! काल का नाही?"

"काल काय द्यायला होतं माझ्याकडे?" वडील म्हणाले. "काल ते तिचं होतं. तिचं तिला ठेवू दिलं म्हणून मी मोठा भाऊ? हवालदार पण तेवढं करतो." ते बहिणीकडे वळले. "तुझा नवरा फेलिक्स आजारी होता. मी पैसे घेऊन याच टेबलाशी आलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, फुकटचे नकोत, जमीन घे आणि दे. मी म्हटलं, जमीन राहू दे, पैसे ठेव. तू म्हणालीस, मग चालता हो. बहिणीच्या वाईट दिवसांत मी तिची जमीन विकत घेतली, उलाली. गावाला त्यात झाकण दिसलं. मला काय दिसत होतं ते मला माहीत. दहा वर्षं त्या शेतात गायी सोडताना मला बरं वाटलेलं नाही. एकदा तरी माझं असं काही हवं होतं, जे मी तुला देईन. ते मला काल रात्री मिळालं."

छपरावरची ताडपत्री फडफडली. नोटरी बाईनं घसा साफ केला.

"दानपत्राला एक अडचण असते," ती आत्याला म्हणाली. "यांची सही पुरत नाही. तुम्हाला ते स्वीकारल्याची सही करावी लागते. नाहीतर दान होत नाही."

क्लोटिल्डला हे माहीत नव्हतं. इतके दिवस सगळा जीव पापांच्या सहीत अडकला होता, आणि आता कागदावरची रिकामी जागा आत्याच्या नावाखाली होती. जिनं जन्मात कुणाकडून काही फुकट घेतलं नाही, तिच्या.

"मी दान घेत नाही," आत्या म्हणाली.

"माहीत आहे," ओनेझिम म्हणाले.

"मग आणलंस कशाला?"

"बघायला. घेतेस का ते."

आत्यानं त्यांच्याकडे रोखून बघितलं. परीक्षा घेणारीच परीक्षेला बसली होती, आणि तिला ते कळलं होतं. ती उठली, ओट्यापाशी गेली, उगीच एक झाकण उचलून पुन्हा ठेवलं.

"आणि नाही घेतलं तर?"

"तर नाही. मी कंपनीला सांगेन, इकडे फिरकू नका. तुलाही नको, मलाही नको. खाली आहे ते राहू दे खाली."

"एवढा हट्ट!"

"घरातूनच आलाय."

आत्या परत टेबलाशी आली. बसताना तिनं भावाच्या खांद्याचा आधार घेतला; एरवी ती खुर्चीचा घेत असे. "क्लो," ती म्हणाली, "तू हे शिकलीयस. मला सरळ सांग, हे घेतलं तर काय होतं? पुन्हा कायमचं माझं?"

"नाही, तांत. आपल्याकडे कायमचं काही नसतं." क्लोटिल्डनं कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "आजपासून दहा वर्षं. मधे विहीर खोदली, तर खणणं-उपसणं चालू असेपर्यंत चिंता नाही. नाही खोदली, तर दहा वर्षांनी पुन्हा याच दिवशी संपेल."

"दहा वर्षं." आत्यानं भावाकडे पाहिलं. त्यांचे हात, चुन्यानं अजून पांढरे राहिलेले, टेबलावर होते. पंचाहत्तर आणि दहा. तिचे बहात्तर आणि दहा. तिघांनीही मनात तीच बेरीज केली आणि तिघांनाही तिचं उत्तर आवडलं नाही.

"पेन दे," आत्या म्हणाली.

नोटरी बाईनं पेन पुढे केलं. आत्यानं चष्मा लावला, आपल्या नावावर बोट ठेवलं, आणि सही करायच्या आधी मान वर केली.

"ओनेझिम, पुढच्या वेळी एक दिवस आधी ये."

"येईन," ते म्हणाले.

मग तिनं सही केली.